प्रपोजल लिहिणं सोपं आहे हो, यूसी कोण देणार?

गेल्या आठवड्यात आमच्या विभागात नव्याने रुजू झालेली सहायक प्राध्यापक माझ्याकडे आली. "सर, प्रोजेक्टसाठी अर्ज करावा म्हणते. प्रपोजल एकदा नजरेखालून घालाल का?" घातलं. चांगलं होतं, माझ्या पहिल्या प्रपोजलपेक्षा कितीतरी नेटकं. मी एवढंच विचारलं, "मंजूर झालं तर यूसी कोण करणार?" तिला यूसी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. तिच्या वयात मलाही नव्हतं.

यूसी म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट. आलेला पैसा ज्या कामासाठी आला त्याच कामाला लागला, असं लिहून द्यायचा कागद. त्याचा ठरलेला नमुना असतो, १२-ए. त्यावर सीएची सही, प्राचार्यांची सही, पीआयची म्हणजे प्रकल्पप्रमुखाची, आपली सही. सोबत खर्चाचं हेडवाइज, म्हणजे एकेका सदराखालचं, विवरण. हा कागद गेल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. पीएचडी करताना आम्हाला सगळं शिकवलं, फक्त हे नाही.

मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी कातळसड्यांवरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरच्या, पावसाळी वनस्पतींच्या अभ्यासासाठी मला एका सरकारी संस्थेचा छोटासा प्रकल्प मिळाला. पेढे वाटले. आता सड्याचं वेळापत्रक ऐका. जूनमध्ये पाऊस लागतो, कातळावर ओल धरते, आणि ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबर सरेपर्यंत गेंद, सीतेची आसवं, कवला यांचे गालिचे पसरतात. ऑक्टोबर हीटमध्ये सगळं वाळून जातं, उरतो नुसता दगड. सरकारचं वेळापत्रक मात्र एप्रिल ते मार्च. माझा पहिला हप्ता आला जानेवारीच्या शेवटी, आणि खर्च करायचा होता ३१ मार्चच्या आत, नाहीतर मर्यादा संपणार. हल्ली बऱ्याच योजनांमध्ये पैसा खात्यात पडत नाही. शून्य शिल्लक खातं असतं आणि खर्चाची मर्यादा येते. फेब्रुवारीत सड्यावर जाऊन मी काय गोळा करणार होतो? वाळलेलं गवत?

आणि ऑगस्टमध्ये, जेव्हा एकेक दिवस सोन्याचा, तेव्हा खर्चाला रुपया नाही. कारण यूसी सीएकडे अडकलेली, सीए रिटर्नच्या गडबडीत. पदरच्या पैशाने जीप केली. जीपवाल्याने साध्या कागदावर बिल दिलं, ते पुढे नामंजूर झालं. (कारवीचा अभ्यास करणाऱ्या एका मित्राचं दुःख वेगळंच. ती फुलते सात-आठ वर्षांनी, प्रकल्प तीन वर्षांचा.)

मग कोटेशनं, म्हणजे दरपत्रकं. हर्बेरियम शीट (वाळवलेल्या वनस्पती चिकटवायचे जाड कागद) आणि टीपकागद घ्यायचे होते, रक्कम १,८०० रुपये. ऑफिसने तीन कोटेशनं मागितली. गावात असलं सामान ठेवणारं दुकान एक. त्या दुकानदारानेच "सर, काळजी करू नका" म्हणत बाकीच्या दोन लेटरहेडांची सोय करायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं आणि शनिवारी एसटीने जिल्ह्याच्या गावी गेलो. गंमत पुढे आहे. केंद्राच्या वित्तीय नियमांत तेव्हाही २५,००० रुपयांपर्यंतची खरेदी कोटेशनशिवाय, नुसत्या प्रमाणपत्रावर करता येत होती. म्हणजे नियम सैल होता, त्याची भीती घट्ट होती. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक खरेदीसाठीची अशीच वेगळी मर्यादा १ लाखावरून २ लाख केली आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेर खरेदीची मुभा दिली. तो आदेश मी छापून ऑफिसात हिशेब बघणाऱ्या भाऊसाहेबांना नेऊन दिला. त्यांनी शांतपणे वाचला, फाईलला लावला आणि म्हणाले, "सर, हे केंद्राचं. आपलं ऑडिट राज्याचं."

भाऊसाहेबांना मी दोष देत नाही. पगारबिलं, शिष्यवृत्त्या, परीक्षा शुल्क, नॅकच्या मूल्यांकनाचे तक्ते, सगळं त्या एका माणसाच्या टेबलावर. संशोधन प्रकल्पाचे हिशेब त्यांना कुणी कधी शिकवलेच नाहीत. अडलं तर विचारायचं कुणाला, हेही त्यांना माहीत नाही. अशा वेळी माणूस काय करतो? जिथे एक सही लागते तिथे तीन घेतो. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

या सगळ्यात खरा भरडला गेला माझा प्रोजेक्ट फेलो. शेतकऱ्याचा मुलगा, नजर अशी की चिमूटभर गेंद हातात घेऊन नेमकी प्रजाती सांगायचा. दुसऱ्या वर्षी हप्ता रखडला आणि त्याचं मानधन थांबलं. तो तरीही पहिल्या पावसाला सड्यावर हजर. मी थोडे पैसे पुढे केले, ते घ्यायला त्याला लाज वाटायची. शेवटी एका बियाणे कंपनीत लागला. त्याच्या हस्ताक्षरातल्या नोंदवह्या अजून माझ्या कपाटात आहेत. थकलेलं मानधन त्याला मिळालं चौदा महिन्यांनी. कागदोपत्री जेआरएफची, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोची, महिन्याची रक्कम २०२३ मध्ये ३१,००० वरून ३७,००० झाली, छान झालं, पण वाण्याचं बिल महिन्याच्या महिन्याला येतं.

संशोधनाला पैसा कमी आहे ही ओरड खरीच आहे. २०२०-२१ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के. एएनआरएफची, म्हणजे संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्राच्या नव्या संस्थेची, घोषणा पाच वर्षांत ५०,००० कोटींची होती, त्यातले १४,००० कोटी सरकारचे आणि उरलेले ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार वगैरेंकडून यायचे. त्यांच्या 'पेअर' योजनेत मोठ्या संस्था चाकाच्या मधोमध आणि विद्यापीठं आऱ्यांसारखी भोवती जोडलेली. उत्तम. पण तालुक्याचं कॉलेज त्या चाकाला कुठे लागतं? आमच्यासाठी होते ते यूजीसीचे मायनर प्रोजेक्ट. बाराव्या पंचवार्षिक योजनेत विज्ञानाला ५ लाखांपर्यंत, मानव्यविद्यांना ३ लाखांपर्यंत. रक्कम चिल्लर वाटेल, पण कॉलेजातल्या माणसाने पहिल्यांदा पोहायला शिकायचं ते त्याच उथळ पाण्यात. ती विहीर बुजवली. आता नवख्याला थेट राष्ट्रीय स्पर्धेत उडी मारायला सांगतात. विद्यापीठांच्या छोट्या अनुदानांवर काहींचं निभतं, तेवढंच.

तरी माझं आजचं भांडण पैशाशी नाही. उद्या रक्कम दुप्पट झाली तर ती खर्च करण्याचा त्रासही दुप्पट होईल.

माझी सुटका केली ती नानांनी. कृषी विद्यापीठात प्रकल्पांचे हिशेब लिहिण्यात हयात गेलेले, निवृत्त होऊन आमच्या गल्लीत राहायला आलेले. माझी फुगलेली फाईल त्यांनी दोन दुपारी ओट्यावर बसून सरळ केली. मंजुरीपत्राचं परिशिष्ट फाईलच्या पहिल्या पानाला. प्रत्येक हेडला वेगळी वही. मंजुरीच्या तारखेआधी एक पिनसुद्धा घ्यायची नाही. एका हेडचे पैसे दुसऱ्यात वळवायचे तर दिवाळी झाली की लगेच परवानगी मागायची, मार्चमध्ये कुणी फोन उचलत नाही. डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद झाल्याशिवाय बिल पुढे सरकवायचं नाही. पैसे विचारले तर हसले. म्हणाले, परसात एक वेल आलाय, तो कसला ते सांगा. गुळवेल होता.

मला हवंय ते एवढंच: दहाबारा कॉलेजांत मिळून एक नाना. पगारी, प्रशिक्षित, जबाबदारीचा. कोणत्या योजनेची तारीख कधी आहे हे त्याने कळवावं, बजेट मांडायला मदत करावी, यूसी वेळेत काढावी. पैसे कुठून आणायचे? प्रकल्पाबरोबर संस्थेला ओव्हरहेड, म्हणजे वरखर्चाचा पैसा, मिळतं ना? अमेरिकेत प्राध्यापकी करणारा माझा वर्गमित्र सांगतो, त्यांच्या विद्यापीठात अनुदानाचं अख्खं कार्यालय अशाच पैशावर चालतं. आमच्याकडे ओव्हरहेड कुठे गेलं म्हणून विचारलं तर म्हणे इमारतीच्या रंगात. रंग छान आहे.

आणि कृपा करून 'संशोधन कक्ष' नावाचा आणखी एक फ्लेक्स लावून कुणा प्राध्यापकालाच त्याचा समन्वयक करू नका. तो कक्ष आमच्याकडे आहे. त्याचा समन्वयक मीच आहे.

त्या मुलीला मी अर्ज करच म्हटलं. सोबत नानांच्या पद्धतीची कोरी फाईलही दिली: हेडवाइज तक्ता, कोटेशनांच्या तुलनात्मक तक्त्याचा नमुना, भरलेली एक यूसी. आणखी कुणाला हवी असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो. फक्त ऑगस्टच्या आत मागा. नंतर मी सड्यावर असेन, तिथे रेंज नसते.