जुनी फर्नेस, नवा वॉल्व्ह

घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस बंद पाडायचीच असेल तर जानेवारीतला शनिवार निवडा. शिकागोत बाहेर उणे वीस, आई-बाबा नुकतेच नाशिकहून आलेले, बाबा घरातच माकडटोपी घालून बसलेले. याहून चांगला मुहूर्त पंचांगातही नाही.

मग फोन लावा. "आठ ते पाचमध्ये कधीही येऊ," असं सांगतील. आंघोळीला जाऊ नका.

तंत्रज्ञ आला की आधी फर्नेसचं वय विचारेल. तुम्ही कौतुकानं "१९९४ ची!" म्हणालात की त्याचा चेहरा सुतकी होतो आणि टॅबलेटवर नव्या फर्नेसचं कोटेशन उघडतं. अशा वेळी "गॅस सोडणाऱ्या वॉल्व्हपर्यंत २४ व्होल्ट येतायत का, मीटर लावून बघता का?" असला आगाऊपणा करू नका. व्होल्ट येऊनही वॉल्व्ह उघडत नसेल तर वॉल्व्ह गेला. येतच नसतील तर दोष अलीकडे, प्रेशर स्विच, वायर नाहीतर बोर्डात. इतकं सोपं निदान केलं तर नवी फर्नेस खपायची कशी?

"या मॉडेलचा पार्ट आता मिळत नाही," म्हणाला तर मान डोलवा. युनिव्हर्सल वॉल्व्ह असतो हे तुम्हाला माहीतच नाही.

वॉल्व्हला पान्यानं ठोकून बघणारे काका प्रत्येक मराठी मंडळात असतात. त्यांच्यासाठी पोहे करा, तळघराचं दार मात्र बंद ठेवा.

शेवटी वॉल्व्ह बदलून देणारा दुसरा कुणी भेटला की त्याला घाई करू द्या. वीस मिनिटांत काम, लगेच बिल. सांध्यांना साबणाचं पाणी लावायला सांगून त्या कलाकाराचा अपमान करू नका. मीही केला नाही. रात्री अकराला आई जिन्याच्या तोंडाशी उभी. "गॅस येतोय रे." चाळीस वर्षं सिलिंडरबरोबर काढलेलं नाक ते! आणि मी शहाणा म्हणतो, "नवीन आहे ना, येत असेल थोडा वास." आईनं माझं ऐकलं नाही म्हणून बरं. दिव्याच्या बटणालाही हात लावू दिला नाही. शेजाऱ्याच्या घरून फोन केला. गॅस कंपनीचा माणूस आला, त्यानं वॉल्व्हच्या अलीकडच्या युनियनवर, म्हणजे पाइपच्या जोडावर, साबणाचं पाणी सोडलं आणि फेस फुगायला लागला. बाबा शेजाऱ्याच्या सोफ्यावर, पायात एकच मोजा.

दोन मिनिटं लागतात हो त्याला! दोन! आमच्याकडे सिलिंडर आणून देणारा पोरगा सील काढून वॉल्व्हच्या तोंडावर पाणी टाकून बघतो, आणि तुला लायसन्स आहे, गणवेशावर नाव शिवलंय, तुला जमत नाही? मॅनोमीटर लावून प्रेशर तरी बघितलंस? नैसर्गिक गॅसला बहुतेक साडेतीन इंच पाण्याच्या उंचीइतकं लागतं, फर्नेसच्या पट्टीवर छापलेलं असतं ते. वाचता येतं ना? बिलावर सही कुठे करायची ते बरोबर दाखवलंस.

पुढच्या घरी जाशील तेव्हा पाना पेटीत टाकायच्या आधी साबण लाव. नसेल तर मागून घे, भांडी घासायचा प्रत्येकाच्या घरी असतो.