केळीच्या बागेतले रहस्य कुणीतरी लिहायला हवे

नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने दिवाळीच्या सुट्टीत वाचायला रहस्यकादंबरी मागितली आणि वर अट घातली, "मामा, त्यात आपल्यासारखं गाव पाहिजे." घरातली आणि वाचनालयातली कपाटे धुंडाळल्यावर जी पुस्तके हाती लागली, त्यांतले गाव म्हणजे पडका वाडा, पिंपळ, कंदील आणि शहरातून सुट्टीला आलेली चौकस मुले. गावातली मुले त्यांना वाट दाखवतात, भाकरी आणून देतात, आणि कोडे मात्र पाहुण्यांनीच सोडवायचे असते. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिताना ही मांडणी आता सोडून द्यावी, असे मला मनापासून वाटते. रहस्याची किल्ली गावात वाढलेल्या मुलालाच ठाऊक असलेल्या गोष्टीत असली पाहिजे.

मी दहावीत होतो, तेव्हा शेजारच्या नानांच्या बागेतली शे-सव्वाशे केळीची खोडे कुणीतरी कोयत्याने कापून टाकली. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या यावल-रावेर पट्ट्यात असे प्रकार आजही घडतात, आणि वर्षभराचे पाणी, खत व पीककर्ज एका फटक्यात आडवे झालेले पाहणाऱ्या माणसाचा चेहरा मी विसरू शकत नाही. सकाळी गावाने ठरवून टाकले की रात्री नानांच्या सालदारानेच, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्यानेच, हे केले, कारण तो सातपुड्याच्या पायथ्याकडचा पावरा आदिवासी होता आणि आदल्याच दिवशी त्याचा नानांशी पैशांवरून वाद झाला होता. माझे आजोबा बांधावरून आत गेले, एका खोडाजवळ बसले आणि कापलेल्या जागेतून वर आलेल्या पोंग्यावर, म्हणजे गुंडाळलेल्या नव्या पानावर, त्यांनी बोटे ठेवली. न निसवलेले, म्हणजे अजून घड बाहेर न पडलेले खोड आडवे कापले तरी आतला कोवळा पोंगा वाढतच राहतो आणि काही तासांत कापाच्या पातळीच्या वर येतो; निसवलेल्या खोडात आत घडाचा दांडा असतो, तो वाढत नाही. पोंगे वितीला आले होते. "हे रात्रीचं नाही, काल दुपारचं आहे," आजोबा म्हणाले. दुपारभर तो सालदार आमच्याच ट्रॅक्टरवर सावद्याला गेलेला होता. नानांनी ते मान्य केले, पण तोवर बोलणे गावभर झाले होते, आणि पुढच्या पंधरवड्यात तो बायकामुलांसह निघून गेला.

मला अशी कादंबरी वाचायची आहे, ज्यात एखादी चौदा वर्षांची मुलगी तो पोंगा मोजते, वेळ काढते आणि चुकते, कारण ती रात्र कडाक्याच्या थंडीची होती आणि थंडीत केळीची वाढ मंदावते, हे तिने धरलेलेच नसते. असे चुकणे वाचकाला फसवत नाही, कारण थंडीचा उल्लेख त्याने आधीच्या प्रकरणात वाचलेला असतो. केळीचा चीक कपड्यावर वाळला की काळपट तपकिरी डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. बागेत राबणाऱ्या प्रत्येकाच्या सदऱ्यावर तो असल्यामुळे तिथे तो पुरावा ठरत नाही, मात्र बागेत कधी पाऊलही न टाकणाऱ्या माणसाच्या बाहीवर दिसला तर ठरतो. कुणी म्हणाले की मी रात्री मोटार चालू करायला मळ्यात गेलो होतो, तर त्या आठवड्यात मोटारीला लागणाऱ्या थ्री फेज विजेची पाळी दिवसाची होती की रात्रीची, हे शेतकऱ्याच्या पोराला विचारावे लागत नाही.

भाषासुद्धा माग देऊ शकते. फोनवर धमकावणारा माणूस स्वतःला रावेरकडचा म्हणवतो आणि रागाच्या भरात अहिराणीतले "काय करी राहिना" म्हणून जातो, तेव्हा रावेरकडच्या लेवा बोलीतले "काय करू राह्यला" ऐकत वाढलेल्या मुलीच्या कानाला तो अमळनेर-पारोळ्याकडचा आहे हे लगेच कळते. अहिराणी आणि लेवा बोली आपल्या गोष्टींत बहुतेक वेळा हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी येतात, याचे मला वाईट वाटते.

एक आग्रह मात्र आहे. पावरा किंवा भिल्ल मजुरावर संशय घेणारे गाव कादंबरीत जरूर यावे, कारण ते खरे आहे. पण त्या मजुराला नाव, घर आणि स्वतःचे म्हणणे असावे, आणि तो निर्दोष ठरल्यावर पुढे त्याचे काय झाले, हेही लेखकाने सांगावे. पंधरा वर्षांच्या वाचकाला एवढे पेलते. साने गुरुजींनी याच खानदेशात, अमळनेरला, १९२८ मध्ये मुलांसाठी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले, तेव्हा मुलांशी गंभीरपणे बोलता येते हे त्यांनी गृहीतच धरले होते.

आपल्यापैकी कुणी असे काही लिहायला घेतले असेल, तर कच्चा खर्डा मला जरूर पाठवा. बागेचे, पाण्याच्या पाळीचे आणि बोलीचे तपशील मी ओळ न् ओळ तपासून देईन, आणि पहिली वाचक म्हणून माझी भाची तयार आहे.