नाणं ‘गुड’ आहे, काळजी नसावी

जुनी नाणी जमवायला लागलात ना? मग सर्वांत आधी घरातलं भिंग अडगळीत टाका. भिंगाने संशय वाढतो आणि संशयाने विक्रेत्याचं मन दुखावतं. त्या बिचाऱ्याने वर्णनात केवढी विशेषणं खर्च केलेली असतात! ती वाचा, डोळे मिटा आणि पैसे द्या.

‘गुड’पासून सुरुवात करू. गुड म्हणजे चांगलं, हे लहान पोरालाही कळतं. नाण्यांच्या दुनियेत मात्र गुडला ७० पैकी ४ गुण आहेत. गुड नाण्यावरच्या राजाला नाक, डोळे, कान असं काही फारसं उरलेलं नसतं; चेहऱ्याची तेवढी हद्द शिल्लक असते. अक्षरं असतात, पण ती वाचायची नसून आठवायची असतात. ‘व्हेरी गुड’ला ८, ‘फाइन’ला १२, आणि ‘व्हेरी फाइन’ सुरू होतं ते विसापासून. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, पण कथलाचा वाळा निदान ओळखू तरी येतो.

ही ७० गुणांची पट्टी १९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी त्यांच्या देशातल्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी काढली. कल्पना अशी, की १ गुणाच्या नाण्याची जी किंमत, तिच्या ७० पट ७० गुणांच्या नाण्याची. बाजाराने हे गणित पार मोडलं, आकडे मात्र उरले. शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीरयष्टीलाही ते १ ते ७ असे आकडे देत. पुढे उघडकीला आलं, की अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली सरस सेंट नाणी उचलून त्यांनी त्यांच्या जागी आपल्याकडची डावी नाणी ठेवली होती. काही म्हणा, दर्जातला फरक त्यांना नेमका कळत होता.

आता ‘अनसर्क्युलेटेड’. चलनात कधी न आलेलं, म्हणजे ६० ते ७० गुणांचं. चलनात आलं नाही म्हणजे देखणं असणारच, असं खुशाल समजा. टाकसाळीतून निघालेली नाणी पोत्यांत एकमेकांवर आदळत प्रवास करतात, त्यामुळे ६० गुणांचं नाणं म्हणजे घराचा उंबरा न ओलांडता मार खाल्लेलं पोर. त्याच्या शेजारी ५८चं, नावापुरतं बाहेर फिरून आलेलं नाणं पुष्कळदा जास्त गोजिरं दिसतं. हा अन्याय सहन न होऊन काही सहृदय विक्रेते ५८ला परस्पर ६३ करून टाकतात. अशा नाण्याला धंद्यात ‘स्लायडर’ म्हणतात. आपण घसरगुंडी म्हणू, फक्त ही वरच्या दिशेने जाते.

‘ब्रिलियंट’ शब्द दिसला की मात्र थांबा आणि नीट ऐका, कारण खरा धोका इथेच आहे. टाकसाळीत ठसा आदळतो तेव्हा त्या दाबाखाली धातू कडेकडे सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिबारीक रेषा पृष्ठभागावर राहून जातात. एकाच दिव्याखाली नाणं तिरकं धरून हळूहळू फिरवलं, की त्या रेषांवरून उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. टाकसाळीची झळाळी म्हणतात ती हीच. नाणं घासलं की या रेषाच जातात. मग ते सगळीकडून सारखंच चमकतं, नुकत्याच विसळलेल्या स्टीलच्या वाटीसारखं, आणि भिंगाखाली केसाएवढे ओरखडे दिसतात. एकदा गेलेली ही झळाळी कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून कळकळीची सूचना: नाणं तिरकं धरू नका. एक दिवाही नको, खोलीतले सगळे लावा. वर्णनात ‘जुन्या काळी हलकेच साफ केलेलं’ असं असेल तर ते कौतुकाने वाचा. गुन्हा जुना झाला की त्याची मुदत संपते, आणि ‘हलकेच’ या शब्दात तारेचा ब्रशही बसतो.

चांदीचं नाणं काळंनिळं पडलेलं दिसलं तर त्याला डाग म्हणू नका. ती ‘नैसर्गिक रंगछटा’. हवेतल्या गंधकाला तिच्यासाठी वर्षानुवर्षं लागतात. काही हौशी मंडळी गंधक आणि उष्णता वापरून तेच काम एका दुपारी उरकतात. निसर्गाला तेवढी मदत चालायचीच.

‘प्रूफ’ हा दर्जाच नव्हे, ती नाणं पाडायची पद्धत आहे: ठसे घासून आरशासारखे करायचे आणि त्यांचा आघात एकाहून अधिक वेळा द्यायचा. असं नाणं नंतर किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खिशात फिरलं तरी प्रूफच राहतं. पण हे कशाला उकरून काढायचं?

माझा सर्वांत लाडका शब्दप्रयोग ‘वयाच्या मानाने छान’ हा. हे ज्याच्याविषयी बोललं जातं त्याने आरशापासून दूर राहावं, एवढंच.

तरीही शंका उरलीच तर सीलबंद डबीतलं नाणं घ्या. १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या कंपन्या निघाल्या. त्या तिऱ्हाइताच्या नात्याने नाणं तपासतात आणि आकड्यासह प्लास्टिकमध्ये बंद करून देतात. वाद मिटला. आकडा मनासारखा आला नाही, की डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवणारे लोक आहेत, आणि कधीकधी त्यांना वरचा आकडा मिळतोही. डब्यांच्याही नकला निघतात, पण तुम्ही भिंग टाकून दिलेलं असल्याने त्याची झळ तुम्हाला लागणार नाही.

राहता राहिली विक्री. कधी अडचण आली तर नाणं ज्याच्याकडून घेतलंत त्याच्याकडेच न्या, घरचाच माणूस तो. तो खणातून भिंग काढील. खोलीतले दिवे मालवून एकच ठेवील. नाणं तिरकं धरून सावकाश फिरवील, पुन्हा फिरवील, आणि हळहळत म्हणेल, “घासलंय हो हे. व्हेरी फाइनच्या पुढे काही जायचं नाही. कुणी गळ्यात मारलं तुमच्या?”