खुलासा: डिफॉल्ट टीटीएल ० म्हणजे कॅशिंग बंद नव्हे

‘क्लाउडफ्रंटमध्ये डिफॉल्ट टीटीएल ० ठेवला की काहीच कॅश होत नाही’ हा सध्या फिरणारा सल्ला चुकीचा आहे. (क्लाउडफ्रंट ही ॲमेझॉनची सेवा वेबपानांच्या प्रती साठवून, म्हणजे कॅश करून, वाचकांना देते; टीटीएल म्हणजे प्रत किती सेकंद साठवायची ती मुदत.) मूळ सर्व्हरने पानासोबतच्या कॅश-कंट्रोल या हेडरमध्ये मॅक्स-एज किंवा एस-मॅक्सएज, अथवा एक्स्पायर्स हे हेडर (म्हणजे साठवणीची स्वतःची मुदत) पाठवलेच नाही, तरच डिफॉल्ट टीटीएल लागू होतो. सर्व्हर मॅक्स-एज ३६०० पाठवत असेल, तर पान तासभर साठतेच. मॅक्सिमम टीटीएल त्याहून कमी असेल तेवढाच अपवाद.

उलट फसगतही होते, आणि ती जास्त धोक्याची. मिनिमम टीटीएल ६० असेल, तर सर्व्हरने नो-स्टोअर (साठवू नका) किंवा प्रायव्हेट (फक्त त्या वाचकापुरते) सांगूनही पान ६० सेकंद साठते. लॉगिननंतरच्या पानांसाठी वेगळे बिहेवियर (ठराविक पत्त्यांसाठीचे नियम) करून ‘कॅशिंग-डिसेबल्ड’ पॉलिसीच लावा. आधी साठलेल्या प्रती इनव्हॅलिडेशनने (क्लाउडफ्रंटमधील प्रती रद्द करण्याच्या सोयीने) काढा. ब्राउझरमधल्या प्रती मात्र त्याने जात नाहीत.