कानाची क्लिप आणि हृदयाचे ठोके: खुलासा

‘कानाला रोज तासभर क्लिप लावा, ८५ टक्के लोकांचे अनियमित ठोके कायमचे बरे होतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करा’ असा मेसेज फिरतोय. यातली क्लिप खरी आहे, बाकीचं नाही.

कानाच्या भोकापुढे कूर्चेचा छोटा उंचवटा असतो. बोटाने दाबला की भोक झाकलं जातं, तोच. तिथल्या त्वचेत व्हेगस नर्व्हची, म्हणजे मेंदूतून हृदयापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूची, एक शाखा येते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अधूनमधून एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, म्हणजेच मेसेजमधले अनियमित ठोके) होणाऱ्या ५३ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना तिथे क्लिप लावून रोज एक तास, सहा महिने, सौम्य विद्युत स्पंदनं दिली. उरलेल्यांची क्लिप कानाच्या पाळीवर होती, कारण तिथे व्हेगसची शाखा पोहोचत नाही. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटात फिब्रिलेशनचं प्रमाण पाळीवाल्या गटापेक्षा ८५ टक्के कमी दिसलं.

मेसेजमधला ८५चा आकडा इथूनच उचललाय. पण तो ‘८५ टक्के लोक बरे झाले’ असा नाही! ठोके बिघडलेले असण्याचा वेळ कमी झाला, एवढंच. तेही जेमतेम पन्नास माणसांत.

शिवाय प्रवाह मुद्दाम मंद ठेवला होता. व्हेगसला जोरात उत्तेजन दिलं तर उलट फिब्रिलेशन सुरू होऊ शकतं. प्रयोगशाळेत ते तसंच घडवून आणतात. त्यामुळे दुखणं कमी करायला विजेची स्पंदनं देणारं घरगुती यंत्र कानाला लावणं हा शुद्ध आगाऊपणा.

आणि गोळ्यांचं: त्या ठोक्यांसाठी नसतातच. हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ नये म्हणून असतात. त्या चाचणीने गोळ्या सोडायला सांगितलेलं नाही.