वर्तुळाचा तिरकेपणा

‘तिरकं लागलंय,’ असं आज सकाळी एक काका मला म्हणाले. वर्तुळाबद्दल म्हणाले. डोकं अजून शांत झालेलं नाही.

सत्तर मीटरच्या तिरंदाजीचं टार्गेट १२२ सेंटिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे कागद त्याहूनही मोठा. धनुष्य सुटं करून पिशवीत कसं भरायचं हे शिकवणारे ढीगभर भेटतात. हा कागद घरात ठेवायचा कुठं, यावर सगळे गप्प. घडी घातली तर रेघेवर फाटतो. गादीखाली सपाट ठेवला तर कूस बदलली की असा कडकडतो, की घरचे उठून बसतात. कपाटामागे उभा केला तर कंबरेत वाकतो. शेवटी गुंडाळीच. तीही छापील बाजू बाहेर ठेवून, म्हणजे लावताना कडा मागे फोमच्या ठोकळ्याला चिकटून बसतात. माझा अर्थातच छापील बाजू आत घेऊन आला होता. वरच्या पिना मारेपर्यंत खालचं टोक सरसर वर येऊन हनुवटीवर आपटतं.

तर मी दातांत पिना धरून, गुडघ्यानं कागद दाबून उभा. वारा सुटलेला. मागून आवाज आला, “डावीकडून जरा वर घ्या.”

तोंडात पिना, म्हणून मी नुसतं ‘हं’ केलं. काकांना ती परवानगी वाटली.

“अजून वर. अजून. हां, आता किंचित खाली. तिरकं लागलंय हो!”

मी पिना काढल्या. “काका, गोल आहे तो.”

“गोल आहे म्हणून काय झालं? आमच्या हॉलमधलं घड्याळही गोलच आहे. तिरकं असलं की दारातून कळतं.”

“घड्याळाला बारा असतात. याला नाहीत.”

“म्हणूनच म्हणतो, हे नजरेनं लावावं लागतं.”

यावर काय बोलणार? त्यांनी मोबाइल काढला, लेव्हल बघायचं अ‍ॅप उघडलं आणि कागदाच्या वरच्या कडेला टेकवलं. “दीड डिग्री,” ते म्हणाले, डॉक्टर ताप सांगतात त्या सुरात. मग दोन पावलं मागं सरून त्यांनी अख्खा स्टँड न्याहाळला. “आणि हे तर सगळंच मागं कललंय!” असं म्हणत ते मागच्या बाजूला जाऊन ढकलायलाच लागले.

स्टँड मागं कललेलाच असतो हो. दहा ते पंधरा अंश, नियमच आहे तसा. मध्यबिंदू जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर, हाही नियम. टेप लावून मोजलं होतं मी. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “एवढं खाली? लहान मुलांसाठी आहे का?”

तोवर त्यांचे फिरायला येणारे दोन मित्र आले. त्यांतल्या एकाचं मत पडलं, की उजवीकडून खाली घ्या. मग त्या तिघांत वाद.

इथवर मीही हसलो असतो. पण टार्गेटपाशी माणूस असेपर्यंत रेंजवर कुणालाच बाण सोडता येत नाही. पलीकडे बाकीचे तिरंदाज धनुष्य खाली ठेवून ताटकळत उभे, आणि हे तिघे दोरी ओलांडून आत. लाल झेंडा आहे, पाटी आहे, पाटीवर चांगली ढळढळीत अक्षरं आहेत. क्रिकेटच्या खेळपट्टीवर कुणी असं उभं राहील का? तिथं पोरं आरडाओरडा करून हाकलतात. आम्ही सभ्यपणे वाट बघतो, आणि ज्या वेळात वारा पडलेला असतो ती वेळ निघून जाते.

जाता जाता काकांनी मधल्या पिवळ्या गोलावर बोट ठेवलं. “इथं लागतो का?”

“कधीकधी.”

“बघा, मी काय म्हणत होतो!”

ते जाताच वाऱ्यानं खालची पिन उपटली आणि कोपरा निळ्या पट्ट्यापर्यंत फाटला. एकही बाण न लागलेला कोरा करकरीत कागद. मधला भाग चाळण झाला तर तेवढंच ठिगळ चिकटवता येतं; पण या फाटण्याला ठिगळ कुठलं लावणार?

गुंडाळी घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. एका बाईंनी विचारलं, “नकाशा का?”

“हो,” म्हणालो. कुठला, ते विचारायच्या आत माझा मजला आला.