ऑडिट आलंय? आधी केबल काढा!

तुमच्या कंपनीत सॉफ्टवेअर लायसन्सचं ऑडिट, म्हणजे वापरताय ते सगळं विकत घेतलंय का ह्याची तपासणी, लागलंय म्हणे. अजिबात घाबरू नका. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात, जिथं मी आयटी सांभाळतो, नुकतंच होऊन गेलं, त्यामुळे ते कसं पार पाडायचं हे आता माझ्याकडून शिका.

सगळ्यात आधी, आयटीवाल्यानं पाठवलेली एक्सेल शीट अजिबात वाचू नका, नुसती भरा. 'सॉफ्टवेअरचं नाव' इथे 'डेल' लिहा, 'व्हर्जन' म्हणजे 'काळा', आणि लायसन्स नंबरच्या रकान्यात मॉनिटरच्या मागच्या स्टिकरचा नंबर घाला. ही मी बनवलेली गोष्ट नाही बरं का, स्टोअरमधून अशीच शीट परत आलीय, खाली सही-शिक्क्यासकट.

कुठल्या पीसीवर काय टाकलंय ते बघायला नेटवर्कवरनं स्कॅन सुरू झालं की लॅन केबल काढा. आमच्या डिझाइन रूममधल्या एका पीसीच्या केबलचं क्लिप कधीचं मोडलंय, ती एरवी पोस्टकार्डाची घडी खोचून घट्ट बसवलेली असते, कुणी हात लावला तरी साहेब ओरडतो. स्कॅनच्या दिवशी मात्र घडी टेबलावर आणि केबल खाली लोंबकळत. विचारलं तर "लाईट गेल्ती की". शेजारचा पंखा फिरायलाय, पण ह्याची लाईट गेली.

सॉफ्टवेअरची जुनी बिलं शोधू नका. सापडली तर टेन्शन वाढतं.

कन्नड टायपिंगचं नुडी कर्नाटक सरकारनं फुकट दिलंय म्हणून विकतची श्रीलिपीही फुकटच समजा, आणि तिचं डोंगल, म्हणजे लायसन्सची यूएसबी किल्ली, पेनड्राइव्ह समजून घरी न्या. फाइली झिप करायचं विनरार चाळीस दिवसांचं ट्रायल आहे, ते तुमच्या निवृत्तीपर्यंत चालवा. टॅलीचं सिल्व्हर एका यूजरचं असतं, त्यात अख्खं अकाउंट्स खातं बसवा, जास्त यूजरचं गोल्ड घ्यायला आपण काय सराफ आहोत का? मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं जुनं 'होम अँड स्टुडंट' चालवा, धंद्यात वापरायचं नाही असं त्याच्या अटींत लिहिलंय, पण अटी कोण वाचतंय बा.

आता खरी युक्ती, क्रॅकची, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून फुकट चालवलेल्या सॉफ्टवेअरची. मालकांनी सांगितली, म्हणजे भारीच असणार. "रविवारी सगळं क्रॅक काढून टाक, ऑडिट झालं की सोमवारी परत टाक." वा! म्हणजे ज्या सॉफ्टवेअर कंपनीनं ऑडिटचं पत्र पाठवलं तिला आपला पत्ता पंचांगात बघून कळला असेल. अहो, असली क्रॅक मारलेली बरीच कॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायची, सॉफ्टवेअरं उघडली की मागच्या मागे कंपनीला खबर देतात, मशीनचं नाव, आयपी, डोमेन, कधी कधी यूजरचा मेलसुद्धा. पत्र येतं ते ह्याच्यावरून. त्यांच्याकडे तारखांसकट नोंद, आणि आपण इथे रविवारी अनइन्स्टॉल करायलोय! अनइन्स्टॉल केलं तरी विंडोजच्या नोंदवहीत, रजिस्ट्रीत, तुकडे राहतात, फोल्डर राहतात, आणि पत्र आल्यावर पुसलं की ते पुरावा मिटवल्यासारखं दिसतं ते वेगळंच. डी ड्राइव्हवर ठेवलेलं पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं, तर कंट्रोल पॅनलच्या यादीत येतच नाही, म्हणून ते 'नाहीच'. बरं, क्रॅक टाकताना पहिली ओळ काय असते माहीत आहे? अँटिव्हायरस बंद करा. आणि आमच्याकडे तो बंद कुठल्या मशीनवर होता? पगार निघतो त्या! कोटीचं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, घ्यायला बँकेत सह्या करताना हात थरथरत नाही, त्याला प्रोग्रॅम देणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव काढलं की "बघू रे, पुढच्या वर्षी". वर रेनॉल्ड्सच्या पेनाचा हिशेब मागणार. आणि पत्र आल्यावर पहिला प्रश्न काय, तर "तूच टाकलास ना ते?" मी टाकलं? कोण म्हणालं होतं मग, डिलिव्हरी अडकलीय, आज रात्रीच पाहिजे, काहीतरी जुगाड कर?

पुरे झाला विनोद.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात 63 बी कलम आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. कंपनीनं केलं असेल तर कारभार बघणारेही जबाबदार धरले जातात, म्हणजे नुसता आयटीचा पोरगा नव्हे. तेव्हा मालक, मॅनेजर, डिझाइनवाले, सगळ्यांनी कान उघडे ठेवून ऐका. परवाने कुठल्या मेल आयडीवर घेतलेत ते शोधा, पुण्याला गेलेल्या पोराच्या खासगी जीमेलवर असतील तर आजच त्याला फोन लावा, ओटीपी त्याच्याकडेच जायलाय. बिलं एका फाइलीत लावा. ड्रॉइंग फक्त बघायचं असेल तर फुकटचं व्ह्यूअर आहे, पत्रं लिहायला लिब्रेऑफिस चालतं, ज्याला खरंच कॅड लागतं त्याच्यापुरतंच विकत घ्या. ऑडिटला केबल काढायचं धंदं बंद करा, लहान पोरं आहात का?

आणि ह्यापुढं कुणाला क्रॅक टाकून पाहिजे असेल तर मला फोनवर किंवा चहाच्या टपरीवर सांगायचं नाही. मेलवर लिहायचं, खाली नाव घालून. बघू कोण लिहितंय ते.